खुर्द्याची पुंजी : तांब्याच्या नाण्यांचे धातुमूल्य आणि दर्शनी मूल्य

प्रस्तावना

महाराष्ट्रातील जुन्या घरांत माळ्यावरच्या डब्यात अथवा देव्हाऱ्याच्या खणात तांब्याचे जुने पैसे हटकून सापडतात. शिवराई, ढबू पैसा, राणीचे वा राजाचे मुखचित्र असलेला पाव आणा, भोकाचा पैसा अशी त्यांची सरमिसळ असते. तांब्याचा बाजारभाव चढू लागला की अशा नाण्यांकडे धातू म्हणून पाहण्याची दृष्टी बळावते. ‘यात तांबे किती?’ हा प्रश्न मात्र आजचा नाही. सतराव्या शतकातील सराफ, पेशवाईतील टांकसाळीचा मक्तेदार आणि एकोणिसाव्या शतकातील शेतकरी या तिघांनाही तो पडत होता. त्याचे उत्तर प्रत्येक कालखंडात निराळे होते आणि हे निराळेपण ज्या कारणांमुळे आले, त्यांचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

नाणे हेच तांबे असतानाचा काळ

अकबराच्या चलनव्यवस्थेत तांब्याचा दाम सुमारे २१ ग्रॅम वजनाचा होता आणि ४० दामांचा एक रुपया असे हिशेबी प्रमाण होते. म्हणजेच एका रुपयास सुमारे ८४० ग्रॅम तांबे पडत असे. हे प्रमाण हिशेबाच्या वह्यांत टिकले, पण बाजारात टिकले नाही. याचे कारण दाम हा आजच्या अर्थाने सुटा पैसा नव्हता. तो राजमुद्रा उमटविलेला तांब्याचा तुकडा होता आणि त्याची किंमत तांब्याच्या भावाबरोबर चढत-उतरत असे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने या संदर्भात नोंदविलेला तपशील अतिशय बोलका आहे. सुरतेस एका रुपयाचे ४९-५० पैसे मिळत, तर आग्र्यास ५५-५६ मिळत, कारण आग्रा तांब्याच्या खाणींना जवळ होते. एकाच बादशहाचे नाणे, पण खाणीपासूनचे अंतर वाढेल तसा त्याचा भाव बदलत होता.

सतराव्या शतकात रुपयाच्या मानाने तांबे महाग होत गेले. डच ईस्ट इंडिया कंपनी जपानचे तांबे नागासाकीहून आणून हिंदुस्थानच्या बंदरांत विकत होती, तरीही मागणी पुरी होत नव्हती. तांबे भांड्यांना हवे होते, तोफांना हवे होते आणि टांकसाळींनाही हवे होते. अखेरीस औरंगजेबाच्या कारकीर्दीत तांब्याच्या नाण्याचे वजन २१ माशांवरून १४ माशांवर, म्हणजे एक तृतीयांशाने खाली आणावे लागले. ज्याच्याजवळ जुने वजनदार दाम साठविलेले होते, त्याला या घटनेत निर्विवाद लाभ झाला. धातूसाठी नाणी साठविणे शहाणपणाचे ठरल्याचे याहून स्पष्ट उदाहरण हिंदुस्थानच्या चलनेतिहासात क्वचितच मिळेल.

शिवराई आणि सराफाचा बट्टा

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पाडली जाऊ लागलेली शिवराई याच पार्श्वभूमीवर पाहावी लागते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेल्या या नाण्याचे वजन सर्वसाधारणपणे ११ ते १३ ग्रॅम भरते. औरंगजेबाच्या घटविलेल्या नाण्याशी ते फारसे विसंगत नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे पेशवाईत टांकसाळी चालविण्याचे परवाने खाजगी व्यक्तींना दिले जात. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १८९९ मध्ये मराठी राज्यातील चलने व टांकसाळी यांविषयी लिहिलेल्या निबंधात या व्यवस्थेचा परामर्श घेतला आहे. परवाना घेणाऱ्यास नफा हवा असे आणि तो वजनातूनच काढता येई. परिणामी शिवराई हलकी होत गेली. दुदांडी शिवराईसारखी उत्तरकालीन नाणी मूळ नाण्यांशेजारी तराजूत घातली असता हा फरक सहज प्रत्ययास येतो.

अशा स्थितीत शिवराया साठविणाऱ्या कुणब्याने नेमके काय मिळविले? धातू त्याच्या हाती राहिला, हे खरे. परंतु नाणे मोडताना सराफ बट्टा कापणार, घासलेल्या नाण्यास कमी देणार आणि सुगीत एक तर सारावसुलीच्या वेळी दुसरा भाव लावणार, हे ठरलेले होते. शिवाय तांबे अवजड. शंभर रुपयांचा खुर्दा वाहून न्यायचा तर बैल लागे. म्हणून मोठी पुंजी तांब्यात कोणी ठेवीत नसे, ती चांदीच्या दागिन्यांत ठेवली जाई. तांब्यात बचत करायचीच तर हंडा, घंगाळ, परात घेणे अधिक सोयीचे होते. भांडे रोजच्या वापरात येई, लग्नात देता येई आणि अडीनडीला सावकाराकडे गहाण पडे. ते मोडले तर घडणावळ बुडत असे, पण तोवर त्याने आपले काम केलेले असे. नाण्यांच्या मडक्याला ही सोय नव्हती.

१८३५ नंतरचा बदल

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये एकरूप चलन आणले. १८० ग्रेन वजनाचा चांदीचा रुपया हा त्याचा कणा ठरला. त्याच वर्षीच्या कायद्याने तांब्याचा पाव आणा, म्हणजे पैसा, १०० ग्रेन वजनाचा, म्हणजे सुमारे ६.४८ ग्रॅमचा ठरला. ६४ पैशांचा रुपया या हिशेबाने एका रुपयास सुमारे ४१५ ग्रॅम तांबे झाले. अकबराच्या ८४० ग्रॅमशी तुलना करता हे निम्म्याहून कमी होते. त्याहून महत्त्वाची तरतूद अशी की, तांब्याचे नाणे रुपयाच्या अपूर्णांकापुरतेच वैध देय मानले गेले. दर्शनी किंमत धातूच्या किमतीहून मुद्दाम अधिक ठेवलेल्या सांकेतिक नाण्याचे हे स्वरूप होय. याचा अर्थ असा की, १८३५ च्या नव्या पैशाचे तांबे करणारा माणूस त्या दिवशी तोट्यातच गेला असता.

नवा पैसा आला म्हणून शिवराई लगेच नाहीशी झाली नाही. ग्रामीण भागात ती पुढे काही दशके हाताळली जात होती. परंतु सरकारी चलनाबाहेर पडल्यावर तिची गती मोडीचीच होती. बाजार ती घेईनासा झाला की तांबट ती वजनावर घेणार. १८८९ च्या धातुतुकड्यांविषयीच्या कायद्याने पैसा म्हणून वापरण्यासाठी खाजगी धातुतुकडे बनविण्यास व बाळगण्यास बंदी घातली, तेव्हा सरकारी टांकसाळीबाहेरच्या खुर्द्याची कोंडी पूर्ण होत आली होती. महाराष्ट्राच्या इतिहासाची किती साधने या काळात हंड्या-परातींत आटली, याचा हिशेब आता कोणासही मांडता येणार नाही.

यानंतर नाण्यातील धातूचे आकुंचन सतत चालू राहिले. १९०६ मध्ये तांब्याऐवजी ९५ टक्के तांबे, ४ टक्के कथील व १ टक्का जस्त यांचे कांस्य आले आणि पैसा ७५ ग्रेनचा झाला. रुपयास ३११ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची चणचण भासताच १९४३ मध्ये मधोमध भोक पाडलेला, जेमतेम दोन ग्रॅमचा पैसा निघाला. रुपयास १२५ ग्रॅमच्या आसपास. भोकाचा पैसा वायसर म्हणून वापरला जाई अशी आठवण जुनी माणसे सांगत. त्या वापरात विनोद नसून अर्थशास्त्र आहे. नाण्याची दर्शनी किंमत वस्तूच्या किमतीखाली गेली की नाणेच वस्तू बनते. १ एप्रिल १९५७ रोजी आलेला नवा पैसा दीड ग्रॅम कांस्याचा होता. शंभरांचा रुपया झाल्याने रुपयातील धातू भोकाच्या पैशाच्या मानाने किंचित वाढून १५० ग्रॅमवर गेला, पण हे फार काळ परवडले नाही. काही वर्षांतच कांस्य जाऊन ॲल्युमिनियमचा पैसा आला. १९७१ मध्ये सरकारला लहान नाण्यांसंबंधी खास कायदा करून ती वितळविणे आणि गरजेबाहेर साठविणे हा गुन्हा ठरवावा लागला. धातूसाठी नाणी साठविण्याचा विचार किती जणांच्या डोक्यात होता, याचा याहून चांगला पुरावा नाही.

लाभाचा हिशेब

एखाद्याने १८३५ मध्ये एक रुपया देऊन ६४ पैसे घेतले आणि ते वंशपरंपरेने २०२५ पर्यंत जपले, असे समजू. तांब्याचा भाव किलोस ८०० रुपये धरला तर त्या ४१५ ग्रॅमचे ३३२ रुपये होतात. १९० वर्षांत रुपयाचे ३३२ झाले, हे ऐकावयास बरे वाटते. प्रत्यक्षात हा दर चक्रवाढीने सालीना ३.१ टक्क्यांच्या आसपास येतो. ४ टक्के चक्रवाढीने हाच रुपया १,७०० च्या वर गेला असता. घरात चांदीचा रुपयाच तसाच ठेवला असता तर त्यातील १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदीचे, ग्रॅमला केवळ १०० रुपये धरूनही, हजारावर रुपये झाले असते. अर्थात १८३५ च्या खेड्यात चार टक्के देणारी पेढी कुणब्याच्या आवाक्यात नव्हती. त्यास ठाऊक असलेला व्याजाचा दर सावकाराचा होता आणि तो देण्याचा होता, घेण्याचा नव्हे. तेव्हा त्याच्या मडक्यातील पैशांना केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल.

आजच्या धारकाची स्थिती मात्र वेगळी आहे. लंडनच्या धातुबाजारात तांब्याने २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये टनास १०,००० डॉलरची पातळी ओलांडली, हे खरे आहे. तरीही वरील भावाने १२ ग्रॅमच्या शिवराईत साडेनऊ रुपयांचे, तर कंपनीच्या पैशात पाच रुपयांचे तांबे आहे. मोडवाला घट, मळ आणि मिश्रधातूची सबब सांगून त्याहून कमीच देणार. उलट, सामान्य प्रतीची शिवराईदेखील संग्राहकांच्या बाजारात धातूच्या कितीतरी पट किमतीस जाते. निव्वळ व्यवहाराच्या दृष्टीनेही ती भट्टीत घालणे नुकसानीचे आहे.

कायद्याची बाजूही समजून घ्यावयास हवी. २०११ च्या नाणे कायद्याने १८८९, १९०६ आणि १९७१ चे कायदे रद्द करून त्यांची जागा घेतली, परंतु त्यातील वितळविण्याची बंदी वैध चलन असलेल्या नाण्यांसाठी आहे. शिवराईला त्या कायद्याचे छत्र नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि तिच्या विक्रीच्या व्यवसायास परवाना लागतो. जमिनीत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यास देण्याचे बंधन १८७८ पासून आहे. सोन्याचा होन सापडला तर गावभर बोभाटा होतो आणि ही यंत्रणा हलते. तांब्याचा गाडगाभर खुर्दा सापडला तर तो बहुधा मोडीच्या दुकानी जातो. शिवराईवरील ‘शिव’, ‘सिव’, ‘छत्रपति’, ‘छत्रपती’ अशी लेखनभिन्नता, ठशांची अदलाबदल, वजनाची उतरंड यांवरूनच कोणती नाणी कोणत्या काळातील, हे ठरविता येते आणि त्यासाठी एक-दोन नव्हे, तर एकत्र सापडलेली शेकडो नाणी, सापडलेल्या जागेच्या नोंदीसह, अभ्यासकासमोर यावी लागतात. वजनकाट्यावर मात्र त्या सर्वांची नोंद एकाच आकड्यात होते.