ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी संगणक व इंटरनेट : आवश्यक बाबी



मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि शिक्षण घरातील पडद्यावर आले. साथ ओसरली तरी ऑनलाइन अभ्यासक्रम राहिले. ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘स्वयं’ या व्यासपीठावर इयत्ता नववीपासून पदव्युत्तर पातळीपर्यंतचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे शुल्क भरावे लागते. साधने अपुरी असल्याने होतकरू विद्यार्थी अर्ध्यावर मागे पडू नये, यासाठी प्रवेशापूर्वी पाहावयाच्या बाबी आम्ही पुढे देत आहोत.

१) संगणक
व्याख्याने ऐकण्यास मोबाईल पुरतो. परंतु स्वाध्याय लिहिणे, तक्ते करणे व आज्ञावली शिकणे यांसाठी संगणक वा लॅपटॉप असावा. रॅम किमान ४ जीबी, शक्य तर ८ जीबी असावी. ‘विंडोज १०’ची नियमित सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. ‘विंडोज ७’ असलेल्या संगणकावर तर ‘क्रोम’ची नवी आवृत्ती २०२३ पासून मिळत नाही. असा संगणक टाकून देण्यापूर्वी त्यावर विनामूल्य ‘लिनक्स’ प्रणाली बसविता येते का, हे जाणकारास विचारावे. थेट वर्गासाठी कॅमेरा व मायक्रोफोन आवश्यक आहेत.

२) इंटरनेट
साधारण स्पष्टतेच्या चित्रफितीस सेकंदाला सुमारे १ मेगाबिट वेग लागतो. या हिशेबाने एका तासाच्या व्याख्यानास सुमारे ४५० एमबी डेटा खर्च होतो. म्हणजे दररोज दीड जीबी मिळत असल्यास जेमतेम तीन तास. घरातील दोन मुले एकाच मोबाईलवर अवलंबून असतील तर हा हिशेब आधीच मांडावा. थेट वर्गात आपला आवाज व चित्र पलीकडे पोहोचवायचे असते, म्हणून अपलोडचा वेगही तपासावा. खानवेलच्या पुढे दुधनीकडील डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी घरात सिग्नल कोठे व केव्हा नीट मिळतो, हे प्रवेशापूर्वीच पाहून ठेवावे. ध्वनिमुद्रित व्याख्यानांचा अभ्यासक्रम अशांस अधिक सोयीचा. वाचनसाहित्य सिग्नल असेल तेव्हा उतरवून घ्यावे. स्वाध्याय अंतिम तारखेच्या दोन दिवस आधी पाठवावा. पावसाळ्यात वीज गेल्यास अडचण नको.

३) मराठी टंकलेखन
जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले मराठी लेखन दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांच्या रूपात दिसते. म्हणून स्वाध्याय युनिकोडमध्येच लिहावा. ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक शिकणे हिताचे आहे. त्यात भारतीय लिप्यांसाठी कळांची मांडणी समान असते; ज्या कळेवर मराठी ‘क’ उमटतो, तीच कळ गुजराती ‘क’ देते. मराठी व गुजराती दोन्ही बोलल्या जाणाऱ्या आपल्या भागात एकदा घेतलेली मेहनत दोनदा उपयोगी पडते.

४) इंटरनेट मुळीच नसल्यास
‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक वाहिन्याही जुलै २०१७ मध्येच सुरू झाल्या. जीसॅट-१५ उपग्रहावरून येणाऱ्या या वाहिन्या डीडी फ्री डिशवर मासिक शुल्काविना पाहता येतात. नवा पाठ दिवसातून अनेक वेळा पुन्हा दाखविला जातो, त्यामुळे सकाळी शेतावर वा कारखान्यात जाणाऱ्यासही तो संध्याकाळी पाहता येतो.

५) नोंदणी व सावधगिरी
नोंदणीत नाव ओळखपत्रावर आहे तसेच लिहावे. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावयाची आहे की घरून, हे आधी वाचावे. केंद्र दूर असल्यास प्रवासखर्च धरावा. शुल्क अधिकृत संकेतस्थळावरच भरावे आणि ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

नम्र विनंती
एका संगणकाअभावी एखाद्या मुलीचे वर्ष वाया जाते, तर दुसऱ्या घरी चालू स्थितीतील संगणक कपाटात पडून असतो. ज्यांच्याकडे असा संगणक असेल त्यांनी त्यातील खासगी माहिती पूर्णपणे पुसून तो ओळखीच्या गरजू विद्यार्थ्यास द्यावा. ज्यांच्या घरी चांगले इंटरनेट आहे त्यांनी परीक्षेच्या दिवशी शेजारच्या मुलास तासभर बसू द्यावे. विद्यादानाचा हा मार्ग प्रत्येकास साध्य आहे, असे आम्हास वाटते.