पित्त समजून गेलेले बहात्तर तास

गरोदरपणात यकृतात अचानक चरबी साठण्याचा हा आजार विरळा, साधारण ७ ते २० हजार बाळंतपणांत एखादा. पहिलटकरणींत आणि जुळं असेल तेव्हा जास्त. खालची बाई एकच कुणी नव्हे. आजार ज्या क्रमाने चढतो, तो दाखवायला घटना जुळवली आहे.

७२ तास आधी. ३५वा आठवडा, पोटात जुळं. दोनदा उलटी, बरगडीखाली जडपणा. "पित्त झालंय, कोकम सरबत घे," सासूबाई म्हणतात. दवाखान्यातही पित्ताचीच गोळी मिळते.

६० तास. घशाला कोरड. तांब्या तांब्या पाणी पिते आणि रात्रभर लघवीला उठते. हे ती कुणाला सांगत नाही, कारण कुणी विचारतच नाही.

आत यकृताच्या पेशी चरबीच्या बारीक थेंबांनी भरत चालल्या आहेत. काही वेळा मूळ बाळात असतं: चरबी जाळणारं एक विकर त्याच्याकडे नसतं, अर्धवट जळालेली मेदाम्लं वारेतून आईच्या रक्तात येतात. तिच्याकडेही त्या विकराच्या जनुकाची एकच धड प्रत असते, त्यामुळे तिच्या यकृताला तो भार पेलत नाही.

४० तास. डोळे पिवळे. शेजारच्या गावात काविळीची माळ मिळते; माळ लांबत गेली की कावीळ उतरते, असा समज. त्यात अर्धा दिवस जातो.

२६ तास. ग्रामीण रुग्णालय. लिव्हरचे एन्झाइम ३८०. हिपॅटायटिसमध्ये ते हजारांत जातात, म्हणून "फार नाहीत" असा दिलासा मिळतो. हा दिलासा सगळ्यात घातक. या आजारात एन्झाइम शेकड्यांतच राहू शकतात आणि यकृताचं काम मात्र बंद पडत असतं. ते कळतं रक्तातल्या साखरेवरून आणि रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेवरून. ग्लुकोमीटर वॉर्डातच आहे, पण मधुमेह नसलेल्या बाईची साखर कोण बघणार?

१४ तास. ती असंबद्ध बोलते, मध्येच डोळे मिटते. "रात्रभर झोपली नाही ना," म्हणून तिला झोपू देतात.

९ तास. हाक मारूनही उठेना. आता साखर बघतात: ३८. ग्लुकोज लावतात, १०८ला फोन होतो.

५ तास. जिल्हा रुग्णालय. रक्त गोठण्याचा आयएनआर २.६, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन २.१. सोनोग्राफीत एकाच बाळाचे ठोके.

३ तास. प्लाझ्मा चढवत सिझेरियन. एक मुलगा जिवंत, दुसरा नाही. टाके घातले तिथूनही रक्त झिरपतं. गोठवणारे घटक यकृतानेच बनवायचे असतात.

० तास. रक्तस्राव थांबत नाही. आई जाते.

१९७०च्या आधी या आजारात बहुतेक आया दगावत. आज वेळेत बाळंतपण उरकलं तर बहुसंख्य वाचतात, कारण बाळंतपण हाच उपचार. यकृतही काही आठवड्यांत पूर्ववत होतं. सातव्या महिन्यानंतर उलट्या नव्याने सुरू झाल्या, तर त्याच दिवशी लिव्हर, क्रिएटिनिन, साखर आणि रक्त गोठण्याची तपासणी करून मागा. वाचलेल्या बाळाची त्या विकरासाठी तपासणी करायला विसरू नका. ते नसेल तर एखादं दूध चुकलं तरी त्याची साखर धोकादायक खाली जाऊ शकते.