ॲस्पिरिन न सोसणारे दमेकरी

टायफॉइडचा संशय आला म्हणजे रक्ताची ‘विडाल’ तपासणी करवून घेण्याचा अनुभव आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांस आहे. ज्यांचें नांव या तपासणीस मिळालें, त्या पॅरिसच्या फेर्नां विडाल यांनीं १९२२ सालीं दोन सहकाऱ्यांसह एक अगदीं निराळें प्रकरण नोंदविलें. दमा, नाकांत वाढणारे मऊ मांसांकुर आणि ॲस्पिरिन घेतांच कोंडणारा श्वास, अशी तिहेरी व्याधि एकाच रोग्याच्या ठायीं असूं शकते, हें त्यांनीं दाखविलें. ॲस्पिरिन बाजारांत येऊन तेव्हां अवघीं तेवीस वर्षें झालीं होतीं. विडाल निदानावर थांबले नाहींत. बाधणारें औषधच अत्यल्प मात्रेपासून चढवीत नेलें तर रोगी तें सोसूं लागतो, हेंही त्यांनीं करून पाहिलें.

हा शोध फ्रेंच भाषेंत राहिला व बाहेर फारसा कोणी वाचला नाहीं. १९६८ सालीं शिकागोचे मॅक्स सॅम्टर व बिअर्स यांनीं तीच व्याधि पुन्हा वर्णिली, आणि इंग्रजी ग्रंथांत तिला सॅम्टर यांचें नांव पडलें. विडाल यांच्यावर हा थोडा अन्यायच झाला.

या व्याधीचें कारण उमगूं लागलें तें १९७१ नंतर. ॲस्पिरिन शरीरांतील प्रोस्टाग्लँडिन द्रव्यांची निर्मिति रोखतें, हें जॉन व्हेन यांनीं लंडनमध्यें सिद्ध केलें. पोलंडमधील क्राको येथील आंद्रेय श्चेक्लिक यांना १९७५ सालीं आढळलें कीं, हीच निर्मिति रोखणारीं इतर वेदनाशामकेंही या रोग्यांस बाधतात; तेव्हां ही नेहमीची ॲलर्जी नव्हे. दाहास आवर घालणारें एक प्रोस्टाग्लँडिन कमी पडलें कीं ल्यूकोट्राइन नांवाचीं द्रव्यें उसळतात, श्वासनलिका आवळल्या जातात आणि नाक चोंदतें.

१९८० सालीं कॅलिफोर्नियांतील स्क्रिप्स क्लिनिकमध्यें डोनाल्ड स्टीव्हन्सन व त्यांचे सहकारी यांनीं विडाल यांचाच मार्ग पुन्हा चोखाळला. मात्रा चढवून सहनशक्ति आल्यावर त्यांनीं ॲस्पिरिन रोज चालू ठेवलें, तों रोग्यांचें नाक मोकळें झालें, दमाही हलका झाला. पुढील अनुभव असा कीं, शस्त्रक्रियेनें काढलेले मांसांकुर या उपचारानें लवकर परत वाढत नाहींत.

आश्चर्य हें कीं, एवढें होऊनही ल्यूकोट्राइनांची निर्मिति थांबत नाहीं. २००२ सालीं नाकाच्या अंतस्त्वचेचे सूक्ष्म तुकडे तपासले असतां, ल्यूकोट्राइनांस प्रतिसाद देणाऱ्या दाहपेशी उपचारानंतर घटल्याचें दिसलें. म्हणजे पूर ओसरत नाहीं. त्यास आंत घेणारीं दारें तेवढीं कमी होतात. दाह मंदावण्याचीं आणखीही कारणें असावींत, परंतु हें एक प्रत्यक्ष पाहिलेलें आहे.

पहिल्या मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालींच द्याव्या लागतात, कारण झटका प्राणघातक ठरूं शकतो. पुढें पोटांत रक्तस्रावाचें भय असतें तें निराळेंच. शिवाय मिळविलेली सहनशक्ति टिकाऊ नाहीं. कांहीं दिवस गोळी चुकली कीं ती ओसरते, आणि रोग्यास देखरेखीखालीं परत लहान मात्रेपासून आरंभ करावा लागतो.