खेड्याची लोकसंख्या आणि रस्त्याचा हक्क

लहान खेड्याला बारमाही रस्ता मिळणे हे गरजेपेक्षा तेथील लोकसंख्येच्या आकड्यावर अधिक अवलंबून असते. २०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ६ लाख ४० हजार गावे होती आणि ८३ कोटींहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. यातील सर्वांत छोट्या वस्त्यांपर्यंत रस्ता सर्वांत शेवटी पोहोचतो.

याचे मूळ पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या निकषांत आहे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या या योजनेने मैदानी भागात किमान ५००, तर डोंगरी राज्ये, वाळवंटी प्रदेश आणि पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रांत किमान २५० लोकसंख्येची अट घातली. त्यासाठी २००१च्या जनगणनेचे आकडे आधारभूत मानले गेले. पुढे नक्षलग्रस्त भागातील निवडक तालुक्यांसाठी ही मर्यादा १००पर्यंत खाली आणण्यात आली.

या योजनेचा घटक महसुली गाव नसून वस्ती हा आहे. वाडी, पाडा, टोला किंवा तांडा यांची गणना स्वतंत्रपणे होते. मैदानी भागात ५०० मीटरच्या आतील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. त्याहून दूरच्या वस्त्यांची नाही. समजा, ९०० लोकसंख्येचे एक गाव एकमेकींपासून किलोमीटरभर अंतरावरील चार वाड्यांत विभागलेले आहे. कागदावर गाव मोठे असले, तरी त्यातील एकही वाडी ५००चा टप्पा गाठत नाही. नंदुरबार, पालघर, गडचिरोली, मेळघाट येथील अनुसूचित क्षेत्रांना २५०च्या अटीचा लाभ मिळतो. कोकणातील रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे मात्र पाचव्या अनुसूचीत येत नाहीत. डोंगरउतारावर विखुरलेल्या तेथील वाड्यांना हा लाभ मिळत नाही.

रस्ता झाला म्हणजे वाहन आलेच, असेही नाही. १ जून १९४८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते पुणे या मार्गावर राज्यातील पहिली एसटी धावली. पुढे 'गाव तिथे एसटी' हे ब्रीद झाले. तरीही गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात गर्देवाडा येथे अहेरीहून पहिली एसटी पोहोचली ती १ जानेवारी २०२५ रोजी. वांगेतुरी-गर्देवाडा-गट्टा या ३२ किलोमीटरच्या मार्गाचे उद्घाटनही त्याच दिवशी झाले. ज्या गावांत एसटी नाही, तेथे पावसाळ्यात रुग्णाला झोळीत किंवा बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावे लागते. सातवी-आठवीनंतर अनेक मुलींचे शिक्षण थांबते, तेही याच कारणाने.

योजनेच्या चौथ्या टप्प्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली. ७० हजार १२५ कोटी रुपये खर्चून ६२ हजार ५०० किलोमीटरचे रस्ते बांधायचे आणि २५ हजार वस्त्या जोडायच्या, असे त्याचे उद्दिष्ट आहे. या वेळी आधार आहे २०११च्या जनगणनेचा. ती जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात झाली. महाराष्ट्रात हे ऊसतोडणीचे दिवस असतात. मोजणीच्या संपूर्ण काळात जो गावाबाहेर असतो, त्याची नोंद तो जेथे राहतो तेथे होते. मूळ गावी नव्हे. ज्या पाड्यातून रोजगारासाठी निम्मी घरे बाहेर पडली असतील, त्याचा आकडा त्यामुळे घटतो. ज्या वस्तीला रस्ता नाही, तेथून स्थलांतर अधिक होते; आणि स्थलांतरामुळे रस्त्याची पात्रता हुकते.

केंद्र सरकारने जून २०२५मध्ये जाहीर केलेल्या पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक, बर्फाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ हा आहे. हंगामही तोच. वस्तीनिहाय नोंद बिनचूक होणे आणि हंगामी स्थलांतरितांचा विचार निकषांत होणे, यावर अनेक पाड्यांच्या रस्त्यांचे भवितव्य अवलंबून राहील.