नाचता येतं, पण शिकवता येतं का?

मंडळी, गावात सध्या चौकाचौकात डान्स क्लासचे बोर्ड दिसतात. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून कथक-भरतनाट्यमलाही गर्दी आहे. फी किती, वेळ कोणती, हे पालक विचारतात. बाई स्वतः कुणाकडे शिकल्या, हे क्वचितच कुणी विचारतं. क्लास काढायला अमुक परीक्षा झालीच पाहिजे, असा कायदाही नाही.

यावर थोडा इतिहास बघू. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर आपल्या कृष्णाकाठचे, कुरुंदवाडचे. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तोवर विद्या गुरूच्या घरी मिळायची आणि शिकवायची परवानगीही गुरूच द्यायचा. पलुस्करांनी वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा आणल्या. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. शिक्षक घडवायला त्यांनी वेगळा 'उपदेशक वर्ग' चालवला. त्यातली मुलं त्यांच्याजवळ राहून शिकायची आणि त्यांच्या नजरेखाली धाकट्यांना शिकवायची.

१९३१ मध्ये पलुस्कर गेले. त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापन केलं. पुढे नृत्यही परीक्षांत आलं. आज प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात पायऱ्या आहेत. त्यामुळे गावोगावच्या मुलींना घराबाहेर कला शिकता आली, हे मोठंच काम. पण समाजाने परीक्षेचा कागद तेवढा लक्षात ठेवला, उपदेशक वर्ग विसरला.

तत्कार, तोडे, पढंत चोख असली की परीक्षा पास होते. पण सात वर्षांच्या पोरीला किती वेळ नाचवायचं, कडक फरशीवर पाय आपटून गुडघा दुखला तर काय करायचं, हे वर्गात उभं राहूनच कळतं. आणि चुकलं तर भोगते ती पोरगी.

म्हणून 'विशारद नाही त्यांचे क्लास बंद करा' असं मी म्हणणार नाही. लच्छू महाराजांकडे कथक घराण्यातून आलं, प्रमाणपत्रातून नव्हे. पुण्याच्या रोहिणी भाटे यांनी १९४७ साली 'नृत्यभारती' काढली, तेव्हा त्या विशीतच होत्या. पण क्लास काढला म्हणून त्यांचं शिकणं थांबलं नाही. पुढे कितीतरी वर्षं त्या लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकत राहिल्या.

आपल्याकडे हौसेने शिकवणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. घर, नोकरी सांभाळून शिकवतात, त्यांच्यामुळेच गावात कला टिकून आहे. माझं म्हणणं एवढंच: नव्या शिक्षिकेने वर्षभर तरी जाणत्या गुरूच्या वर्गात सोबत शिकवावं, आणि गुरूचं नाव बोर्डावर लिहावं. सरकारी नियमाची वाट कशाला बघायची? पालकांनी विचारायला सुरुवात केली तरी पुरे.

तुमच्या पोरीच्या बाई कुणाकडे शिकल्या, माहीत आहे? उद्या क्लासला सोडायला जाल तेव्हा विचारा. चांगली शिक्षिका रागावणार नाही, अभिमानाने गुरूचं नाव सांगेल.