हैदराबादचा संघ म्हणजे कोणाचा?

आपल्या मंडळींतल्या कितीतरी घरांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत आहेत. सहा महिने तिकडे राहून आलेल्या आजी-आजोबांना विचारा, रविवारी दुपारी जावईबापू टीव्हीसमोर बसले की काय दिसते? शिरस्त्राणे आणि खांद्यांवर जाडजूड कवचे घातलेले आडदांड गडी एकमेकांवर आदळतात, क्षणाक्षणाला खेळ थांबतो, चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो आणि तरी याला म्हणायचे फुटबॉल! नियम मुळात अवघड नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांना. चेंडू घेऊन पलीकडची शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण.

या खेळाचा एक व्यावसायिक संघ आपल्या हैदराबादच्या नावानेही मैदानात उतरला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' २०११ मध्ये जाहीर झाली. अमेरिकेतले नामवंत माजी खेळाडू तिच्या पाठीशी होते. पहिल्या हंगामात आठ संघ होते. त्यांत आपले 'हैदराबाद स्कायकिंग्ज', मुंबईचे 'ग्लॅडिएटर्स', पुण्याचे 'मराठाज' आणि श्रीलंकेचेही दोन संघ. २०१२ चा तो हंगाम खेळला गेला कोलंबोच्या सुगतदास स्टेडियममध्ये. सामने आधी चित्रित झाले आणि नंतर टीव्हीवर दाखवले गेले. अंतिम सामन्यात पुण्याने दिल्लीला ६-० असे हरवले. पुण्याच्या विजयाची मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावरून निघाल्याचे ऐकिवात नाही, आणि आपल्याकडेही स्कायकिंग्जचे काय झाले म्हणून कोणी हळहळले नाही.

सामने परगावी झाले, घरचे मैदान नव्हते, म्हणून असे झाले, असे सहज म्हणता येईल. मलाही आधी तसेच वाटले होते. पण या शहराचा सर्वांत मोठा फुटबॉल हंगाम, किंबहुना सलग पाच हंगाम, परगावीच गाजले. ते गाव म्हणजे मुंबई.

हा आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा फुटबॉल. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ पासूनची. तिचे सामने कूपरेज मैदानावर होत. १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे हा चषक हैदराबाद सिटी पोलीस संघाने जिंकला. १९५० मध्येच, युद्धकाळापासून बंद पडलेली ड्युरँड स्पर्धा दिल्लीत पुन्हा सुरू झाली. तिथे अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि तो पुन्हा खेळवला तेव्हा आपल्या पोलिसांनी मोहन बागानला हरवले. ज्या कलकत्त्याला फुटबॉल म्हणजे आपलीच मिरास वाटे, त्या कलकत्त्याचा हा संघ! रोव्हर्सची विजयमालिका अखेर १९५५ मध्ये तुटली. त्या वर्षी चषक मोहन बागानकडे गेला.

या संघामागचा माणूस म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शाळामास्तर. आपल्या काचीगुड्याच्या शाळेतही त्यांनी शिकवले होते. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते आणि १९५० पासून पोलीस संघाचे प्रशिक्षक. त्यांच्या शिकवण्यात मास्तरकी होती. ज्याचा डावा पाय कच्चा, त्याने फक्त डाव्याच पायाने खेळायचे, असे सामने ते भरवत. चेंडू पायात घोळवत बसायला बंदी. पटकन साथीदाराकडे द्यायचा. शहरातल्या गल्लीबोळांतली पोरे या तालमीत तयार झाली, पोलिसात नोकरीला लागली आणि पगाराबरोबर खेळ करत राहिली. स्कायकिंग्जला मिळाले नाही ते हेच. संघाचे नाव आधी छापून आले, मुले नंतर गोळा केली गेली. इथे मुले आधी होती.

ती वर्षे कोणती होती, हेही आठवले पाहिजे. १९४८ चे पोलीस ॲक्शन होऊन दोनच वर्षे लोटली होती. रझाकारांच्या काळातल्या आणि त्यानंतरच्याही कडू आठवणी अनेक घरांत ताज्या होत्या, आपल्या तशा शेजाऱ्यांच्याही. अशा वेळी नूर महंमद, अझीझुद्दीन यांच्यासारख्या खेळाडूंच्या संघाला 'आपला' म्हणणे वाटते तितके सोपे नसावे. तरी आमच्या घरात, जिथे त्या दिवसांचा विषय निघाला की वडीलधारी माणसे उठून जात, तिथे नूर आणि अझीझ ही नावे मात्र घरच्या मुलांसारखी एकेरीत घेतली जात.

आणि हा संघ केवळ शहराचा नव्हता. हैदराबाद तेव्हा राज्य होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे त्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते राज्य नकाशावरून पुसले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण आंध्र प्रदेशात राहिलो. महिनाभराने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांच्या भारतीय संघाने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि पुढे चौथा क्रमांक मिळवला. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले, पण त्या संघात नूर, अझीझ, झुल्फिकार, बलराम ही हैदराबादची मुलेही होती. राज्य गेले होते, खेळाडू होते. पुढे पोलीस संघाचे नावही 'आंध्र पोलीस' झाले. रहीमसाहेब ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने गेले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले होते.

राज्य गेल्यावरही संतोष ट्रॉफीत संघ 'हैदराबाद' याच नावाने उतरत होता. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी दोन्ही वर्षे त्याने अंतिम सामन्यात हरवले ते मुंबईलाच. आमचे मामा औरंगाबादचे. पाच रोव्हर्स चषक त्यांनी आपलेच म्हणून साजरे केले होते. दुसऱ्या विजयानंतर ते सुट्टीत आमच्याकडे आले, तेव्हा बाबांनी दारातच विचारले, "काय हो मुंबईकर, यंदाही हरलात ना?" मामा त्या मुक्कामात बाबांशी दोन दिवस बोलले नाहीत.