सुटा कागद

लहानपणी आम्ही वहीत विद्येचं पान ठेवायचो. सोळाव्या शतकात इटलीतल्या पिसा विद्यापीठात लुका गिनी यापेक्षा फार वेगळं करत नव्हता. पान कुठल्या झाडाचं हे तेवढं तो लिहून ठेवायचा. झाडपाल्याची औषधं शिकवायची, तर हिवाळ्यात बागेत दाखवणार काय? म्हणून रोपं दाबून, वाळवून कागदावर चिकटवायची. या वाळवणाचं लॅटिन नाव ‘होर्टुस सिक्कुस’, म्हणजे सुकी बाग. गिनीचा संग्रह उरला नाही. त्याचा शिष्य चेसालपिनो याने १५६३पर्यंत जमवलेल्या ७६८ वनस्पती मात्र फ्लॉरेन्समध्ये आजही आहेत. ‘हर्बेरियम’ हा शब्द तेव्हा वनौषधींच्या पुस्तकासाठी होता; वाळल्या झाडांच्या संग्रहाला तो १७००च्या सुमारास फ्रान्सच्या तूर्नफोरने लावला.

हे संग्रह पुस्तकासारखे शिवलेले असत आणि घोडं तिथेच अडायचं. शिवलेल्या दोन पानांच्या मध्ये नवं झाड घुसवता येत नाही, आणि एकदा ठरलेला शेजार मोडता येत नाही.

१७३२ साली पंचविशीतला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस लॅपलंडच्या दलदली तुडवत होता. तिथे त्याला गुलाबी फुलांचं एक वीतभर झुडूप दिसलं. बुंधा पाण्यात, भोवती बेडूक. त्याला ग्रीक कथेतली, समुद्रातल्या खडकाला साखळीने जखडलेली राजकन्या आठवली आणि झुडपाचं नाव पडलं अँड्रोमेडा. गंमत अशी, की जखडलेलीचं नाव देणाऱ्या याच माणसाने पुढे कागद मोकळे केले. १७५१च्या ‘फिलॉसॉफिया बोटानिका’त त्याने नियमच घातला: एका कागदावर एकच झाड, आणि कागद शिवायचे नाहीत. वर्गीकरण बदललं की कागद उचलून दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवायचा, संपलं. सुकी बाग गिनीची खरी, पण माझ्या मते आजचं हर्बेरियम जन्मलं ते या उसवलेल्या शिवणीतून.

सुटा कागद मुंबईतही रुळला. सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट फादर ब्लाटर यांनी १९०५ साली मुंबई इलाख्यातल्या खारफुटीवर लेख लिहिला; त्यांच्या नावाचं हर्बेरियम त्याच कॉलेजात आहे. खाडीतलं झुडूप मात्र कागदावर सुखासुखी येत नाही. कागद जेमतेम ४२ सेंमी लांब, २८ सेंमी रुंद. फांदी मोठी असली तर दुमडावी लागते. मारांडी या खाडीतल्या झुडपाच्या पानांना कडेने काटे, ते टीपकागदाला भोकं पाडतात. पानं जाड, पाणी धरून ठेवणारी. टीपकागद रोज बदलले नाहीत, तर पावसाळी हवेत बुरशी ठरलेली. एवढं करूनही तिचं निळं-जांभळं फूल तपकिरी पडतंच. म्हणून फुलाचा रंग झुडूप खाडीत उभं असतानाच टिपायचा. लेबलावर तो गाव, तारीख आणि वेचणाऱ्याच्या नावाशेजारी येतो.